भरती-ओहोटी बघून निघा, नाहीतर फ्लेमिंगो फक्त पुतळ्यातच दिसतील!

नवी मुंबईत फ्लेमिंगो बघायला हिवाळ्याची वाट पाहावी लागत नाही. चौकाचौकांत त्यांचे पुतळे आहेत, भिंतींवर चित्रं आहेत. शहर स्वतःला ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणवून घेतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी त्या पुतळ्यांसोबत सेल्फीही काढला असेल. पण खरा, चिखलात उभा राहून मान खाली घातलेला, जिवंत फ्लेमिंगो किती जणांनी पाहिलाय?

आमच्या सात जणांच्या ग्रुपमध्ये हा प्रश्न निघाला तेव्हा उत्तर होतं, शून्य. चौघं ठाण्याची, दोघी मुलुंडच्या आणि एक जण ऐरोलीचा. हा ऐरोलीचा पठ्ठ्या तर रोज बसने ऐरोलीचा पूल ओलांडून कॉलेजला येतो. म्हणजे दिवसातून दोनदा अभयारण्यावरून जातो आणि दोन्ही वेळा मोबाइलमध्ये डोकं घालून! मग ठरलं. येत्या रविवारी ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य.

पहिली फेरी फसली

जानेवारीतला रविवार. आम्ही सगळं बघून निघालो होतो. मेगाब्लॉक बघितला, हवामान बघितलं, नंतर मिसळ कुठे खायची तेही बघितलं. अकराच्या सुमारास ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात पोहोचलो. बोट आधीच भरलेली. म्हटलं, ठीक आहे, काठावरून तरी बघू. बघतो तर काय, समोर काठोकाठ पाणी आणि एकही गुलाबी ठिपका नाही. दोन बगळे आणि एक घार, बस्स.

तिथे बाकावर एक वयस्कर कोळी काका बसले होते. आमचे पडलेले चेहरे बघून त्यांनी विचारलं, “आज तिथी कोणती?” सात जणांपैकी एकालाही सांगता येईना. मग त्यांनीच सांगितलं, “पौर्णिमा. पंधराची पाऊणपट किती?” आमच्यातली एक इंजिनीअरिंगवाली पटकन म्हणाली, “सव्वाअकरा.” काकांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

हा हिशेब तुम्हीही लक्षात ठेवा. मुंबईच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या तो चालत आलाय. चालू तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या आसपास, अष्टमीला सहाच्या. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. खाडीत आत जावं तशी वेळ थोडी मागेपुढे होते, पण प्लॅन ठरवायला एवढं पुरेसं आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती, म्हणजे पाणी सगळ्यांत वर चढणार. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे बेताची. मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक मिळतंच, पण ही पाऊणपट नेटवर्क नसतानाही चालते.

आता याचा फ्लेमिंगोशी संबंध काय? त्यांचं जेवण चिखलात असतं. पाणी उतरलं की चिखलाची मैदानं उघडी पडतात आणि जेवणावळ सुरू होते. भरतीला तीच मैदानं पाण्याखाली जातात, मग पक्षी दुसरीकडे जाऊन विसावतात. आम्ही बरोबर पंगत उठल्यावर पोहोचलो होतो.

दुसरी फेरी, षष्ठीची

तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो. षष्ठी होती. सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे भरती पहाटेच होऊन गेलेली आणि सकाळी पाणी उतरत चाललेलं. सकाळच्या बोटीचं बुकिंग आधीच करून ठेवलं होतं. सातपैकी दोघांना अलार्मने धोका दिला, त्यामुळे आम्ही पाच जणच बोटीत बसलो. लाइफ जॅकेट सगळ्यांना सक्तीचं. ‘फोटो चांगला येत नाही’ ही सबब चालली नाही.

सुरुवातीला दोन्ही बाजूंना फक्त तिवरं. घाईत बघितलं तर नुसती हिरवी भिंत वाटते. जरा खाली बघा. चिखलातून पेन्सिली उभ्या खोचल्यासारखी हजारो टोकं वर आलेली दिसतील. ती तिवराची श्वसनमुळं. त्या चिकट चिखलात हवा जवळपास नसतेच, म्हणून हे झाड श्वास घ्यायला मुळं वर काढतं. शिवाय खाऱ्या पाण्यातलं जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. ऊन चढल्यावर पानावर मिठाचे कण दिसतात, बोटाला लागतात.

या भिंतीच्या पायथ्याशी वेगळंच जग आहे. निवट्या नावाचा मासा पाण्याबाहेर, चिखलावर सरपटत आणि उड्या मारत फिरतो. खेकड्यांमध्ये फिडलर खेकड्याचा नर लगेच ओळखू येतो, कारण त्याची एक नांगी दुसरीच्या कितीतरी पट मोठी असते आणि तो ती हलवत बसतो, कुणाला तरी टाटा केल्यासारखा. याच कांदळवनात सोनेरी कोल्हेही राहतात. मुंबई आणि नवी मुंबईच्या मधोमध कोल्हे! आम्हाला दिसला नाही. बोटवाले काका म्हणाले, त्यांनाही रोज दिसत नाही.

थोडी माहिती इथेच देऊन टाकतो. हे अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं. क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर, त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त कांदळवन आणि बाकीचं पाणी. २०२२ मध्ये ठाणे खाडीला ‘रामसर’ पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. इराणमधल्या रामसर शहरात १९७१ मध्ये पाणथळ जागा जपण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यावरून हे नाव. महाराष्ट्रात नांदूरमध्यमेश्वर आणि लोणारनंतर हा मान मिळालेली ही तिसरी जागा. २०२० मध्ये आपल्या राज्याने पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्ष म्हणून जाहीर केलं, हेही स्पर्धा परीक्षावाल्यांनी टिपून ठेवायला हरकत नाही.

आणि मग तिवरांची भिंत संपली.

लांबून वाटलं, चिखलावर कुणीतरी गुलाबी चादर पसरलीय. जवळ गेलो तसे एकेक पाय वेगळे दिसायला लागले. बोटीत पहिल्यांदाच कुणी काही बोललं नाही. मग आवाज ऐकू आला. आमची अपेक्षा होती काहीतरी गोड ऐकायला मिळेल. प्रत्यक्षात बदकांच्या आणि हंसांच्या मोठ्या सभेत सगळ्यांनी एकदम बोलायला सुरुवात केल्यासारखी ती कचकच होती.

इथे दोन प्रकारचे फ्लेमिंगो येतात. मराठीत त्यांना रोहित किंवा अग्निपंख म्हणतात. लहान रोहित संख्येने कितीतरी जास्त. त्याचा रंग गडद आणि चोचही गडद, दुरून काळपट दिसणारी. मोठा रोहित उंच, अंगाने फिकट, जवळजवळ पांढरा, आणि चोच गुलाबी, फक्त टोक काळं. मध्येमध्ये मळकट राखाडी रंगाचे दिसतात ते वेगळ्या जातीचे नाहीत, ती तरुण मंडळी आहेत. फ्लेमिंगो गुलाबी जन्मत नाही. खाण्यातल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांमुळे दोन-तीन वर्षांत त्याच्यावर रंग चढतो. थोडक्यात, आमच्या-तुमच्या वयाचे राखाडी.

खाण्याची पद्धत बघण्यासारखी आहे. मान पूर्ण खाली, चोच उलटी पाण्यात. जीभ पंपासारखी मागेपुढे होते, पाणी आत-बाहेर जातं आणि चोचीच्या कडांना असलेल्या बारीक गाळणीत अन्न अडकतं. लहान रोहितची गाळणी इतकी बारीक की तो मुख्यतः सूक्ष्म शेवाळावर जगतो. मोठा रोहित शेवाळाबरोबर छोटे कवचधारी जीव, कीटकांच्या अळ्या वगैरेही खातो. एकाच चिखलात दोघांचं ताट वेगळं. आणि हो, त्याचा ‘उलटा वाकणारा गुडघा’ म्हणून जो दाखवतात, तो खरं तर घोटा आहे. गुडघा वर पिसांत लपलेला असतो.

“काका, एकदा उडवा ना!”

आता थोडं अवघड सांगतो. आमच्यातल्या एकाला रील करायचं होतं. उभ्या फ्लेमिंगोचं नाही, उडणाऱ्या थव्याचं. पंख उघडले की आतली लाल-काळी पिसं दिसतात, तो शॉट. त्याने बोटवाल्या काकांना विचारलं, “काका, अजून जवळ घ्या ना. नाहीतर टाळी वाजवू? एकदा उडवा ना.” खरं सांगायचं तर आम्हा बाकीच्यांनाही तेच हवं होतं. फक्त विचारलं त्याने.

काकांनी बोट तिथेच ठेवली. म्हणाले, “तू जेवायला बसलास आणि दर अर्ध्या तासाने कुणी ताटावरून उठवलं तर? पाणी परत चढेपर्यंतच यांना जेवायला मिळतं.”

यावर कुणीच काही बोललं नाही. नंतर घरी येऊन हिशेब केला तर काकांचं म्हणणं अगदी व्यावहारिक निघालं. ओहोटीच्या दोन्ही बाजूंचे मिळून काही तासच ती मैदानं उघडी असतात. एकदा उडवलं की जेवण तुटतं आणि उडण्यात ताकद जाते ती वेगळीच. दिवसात एकाच बोटीने हे केलं तर कदाचित फरक पडणार नाही. पण दर बोटीत एक रीलवाला असतोच. आणि या पक्ष्यांना हंगामाच्या शेवटी इथून गुजरातपर्यंत उडून जायचं असतं. कच्छच्या रणात, पाण्याने वेढलेल्या जागी, चिखलाचे उंचवटे करून ते एकेकच अंडं घालतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने इथल्या लहान रोहितांना जीपीएस टॅग लावले, तेव्हा मुंबई-गुजरात ही ये-जा नकाशावरही दिसली. म्हणजे इथे खाल्लेल्या घासावर तिकडचा प्रवास.

शॉट मिळाला का? मिळाला. आम्ही अर्धा तास गप्प बसलो आणि एका दलदल ससाण्याच्या चकरेने थव्याचा एक कोपरा आपणहून उठला. चार सेकंद. रील त्यातूनच झालं.

गुलाबी म्हणजे स्वच्छ?

परत येताना बोटीच्या बाजूने प्लॅस्टिकच्या पिशव्या वाहत होत्या आणि वास यायचा तो येतच होता. साहजिकच प्रश्न पडला, खाडी एवढी घाण, तर एवढे फ्लेमिंगो येतात कसे?

उत्तर जरा टोचणारं आहे. मुंबईच्या परिसरात फ्लेमिंगो मोठ्या संख्येने दिसायला लागले ते १९९० च्या दशकाच्या मध्यापासून. सुरुवातीला त्यांची ख्याती होती शिवडीच्या चिखलात, मग खाडीभर. २०१९ च्या मोजणीत हा आकडा एक लाखाच्या वर गेला. अभ्यासक याचा संबंध खाडीत येणाऱ्या सांडपाण्याशी लावतात. सांडपाण्यातल्या पोषक द्रव्यांवर शेवाळ माजतं आणि शेवाळ हे लहान रोहितचं जेवण. म्हणजे फ्लेमिंगो आले म्हणून खाडी शुद्ध झाली, असा निष्कर्ष काढून स्वतःची पाठ थोपटून घेऊ नका. त्याच पाण्यात कारखान्यांची रसायनंही येतात आणि त्याच पाण्यावर मासेमारी करणाऱ्या कोळीवाड्यांना जाळ्यात मासळीऐवजी प्लॅस्टिक मिळतं. पक्ष्याला जे चालतं ते माशाला चालेलच असं नाही. खाडीचं आरोग्य मोजायचं तर दोघांनाही विचारावं लागेल.

भरतीला ते जातात कुठे?

पहिल्या फेरीचा प्रश्न मनात राहिला होता. पाणी चढल्यावर लाखभर पक्षी जातात कुठे? याचं उत्तर या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

भरतीत त्यांना उथळ पाणी लागतं, जिथे पाय टेकून विसावता येईल. असं पाणी भांडुप पंपिंग स्टेशनच्या परिसरात आहे, सीवूड्सच्या एनआरआय आणि टी. एस. चाणक्यच्या पाणथळ जागांवर आहे, नेरूळच्या डीपीएस तलावात आहे. नवी मुंबईतले हे तलाव अभयारण्याच्या सीमेत येत नाहीत. पण पक्ष्याला सीमा कुठे ठाऊक? त्याच्यासाठी खाडी म्हणजे स्वयंपाकघर आणि हे तलाव म्हणजे झोपायची खोली. आपण स्वयंपाकघराला अभयारण्य म्हटलं आणि झोपायची खोली बिल्डिंगांच्या रांगेत सोडून दिली.

याचा परिणाम २०२४ मध्ये दिसला. डीपीएस तलावात भरतीचं पाणी येण्याचे मार्ग बंद झाले होते. पाणी साचलं, आटलं, खराब झालं. त्या एप्रिलमध्ये तिथे आणि आसपास फ्लेमिंगो मेलेले सापडले. स्थानिक रहिवासी आणि पर्यावरणप्रेमींनी आवाज उठवल्यावर पाण्याचा मार्ग मोकळा करण्याची चर्चा सुरू झाली. त्यानंतर महिन्याभरात, २० मेच्या रात्री, घाटकोपरला उतरत्या विमानाची धडक बसून ३९ फ्लेमिंगो मेले. फ्लेमिंगो लांबचा प्रवास मुख्यतः रात्री करतात. ती बातमी तुम्हीही फॉरवर्ड केली असेल. मीही केली होती, एक रडका इमोजी टाकून. त्या वेळी मला यातला एकही तलाव कुठे आहे हे माहीत नव्हतं.

कायदा अगदीच नाही असं नाही. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनं तोडायला आणि त्यांच्यावर भराव टाकायला मनाई केली, २०१८ च्या निकालात ती आणखी पक्की झाली. पण भरतीचं पाणी अडवायला झाड तोडावं लागत नाही. एक पाइप बुजला, एक नाला भराव टाकून बंद झाला, की झालं. असा बुजलेला नाला पहिल्यांदा कुणाला दिसतो? ऑफिसात बसलेल्याला नाही. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्याला दिसतो. म्हणजे आपल्याला.

मग आपण काय करायचं?

लगेच संस्था काढायची गरज नाही. आमच्या ग्रुपने तीन गोष्टी ठरवल्या आणि त्या निम्म्या तरी पाळल्या. तुम्हाला जमतील त्या घ्या.

एक, मोजा. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते आणि फेब्रुवारीत कॅम्पसमधल्या पक्ष्यांची मोजणी असते. दोन्हींत हौशी लोक चालतात. पंधरा मिनिटं उभं राहून जे दिसलं ते ‘ई-बर्ड’वर नोंदवायचं. चिमण्या-कावळ्यांपासून सुरुवात केली तरी चालते. या नोंदी पुढे संशोधकांच्या कामी येतात.

दोन, आपल्या घराजवळची एक पाणथळ जागा निवडा आणि महिन्यातून एकदा, त्याच जागेवरून, तारखेसकट फोटो काढा. आज भरतीचं पाणी आत येतंय का? मागच्या महिन्यात राडारोडा होता का? तक्रार करायची वेळ आली तर ‘इथे पूर्वी पक्षी यायचे’ या वाक्यापेक्षा वर्षभराच्या बारा फोटोंना जास्त वजन असतं.

तीन, ज्यांना आधीपासून माहीत आहे त्यांच्याशी बोला. बोटवाले काका, जाळी विणणारी माणसं, मासळी विकणाऱ्या मावशी. खाडीत कुठला मासा आधी मिळायचा आणि आता मिळत नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. प्रोजेक्टसाठी विषय शोधताय ना? हा घ्या.

अलार्मने धोका दिलेल्या त्या दोघांना घेऊन आम्ही एप्रिलमध्ये पुन्हा गेलो. या वेळी बोटीने नाही, भर भरतीत, थेट नेरूळच्या तलावावर. संध्याकाळी काही फ्लेमिंगो एका पायावर उभे राहून, मान पाठीत खुपसून झोपले होते. मागे बिल्डिंगांचे दिवे लागत होते. ऐरोलीवाला म्हणाला, “मी उद्यापासून बसमध्ये खिडकीजवळ बसणार.” बसतो की नाही ते विचारायचं राहिलंय.

जाण्याआधी हे वाचा

• कधी : फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून यायला लागतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर जातात. जानेवारी ते एप्रिल हा चांगला काळ.

• कसं : ट्रान्स-हार्बर मार्गावर ऐरोली स्टेशनला उतरा, पुढे रिक्षा. मुलुंड-भांडुपकरांना भांडुप पंपिंग स्टेशनची बाजू जवळची. बोटीच्या वेळा भरती-ओहोटीप्रमाणे बदलतात, म्हणून बुकिंग आणि वेळ आधी नक्की करा.

• काय न्यायचं : दुर्बीण (ग्रुपमध्ये एक पुरे), टोपी, पाण्याची बाटली, वही. कपडे मळखाऊ रंगाचे घाला.

• काय न्यायचं नाही : ड्रोन, ब्लूटूथ स्पीकर, फटकन उडून जाणारी वेफरची पाकिटं.

• आणि काय बघायचं : शेकाट्या, खंड्या, चित्रबलाक, पाणकावळे. चिखलात निवट्या आणि खेकडे. फ्लेमिंगो लांब असले तरी दिवस वाया जात नाही.

• आणि शेवटचं : निघण्याआधी तिथी बघा. पाऊणपट करा.